एआय असिस्टंटला प्रकल्प लक्षात ठेवायला लावायचा कसा: चुकांच्या वहीपासून नोंद पुसण्यापर्यंत

कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय असिस्टंटसोबत रोज नवं सेशन, म्हणजे नवं संभाषण, उघडायचं आणि तेच पुन्हा सांगायचं: टेस्ट अमुक कमांडने चालव, त्या फोल्डरला हात लावू नको, वेळ यूटीसीमध्येच साठव. असिस्टंट दिवसभर नीट वागतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मॉडेल एका सेशनमधलं काही दुसऱ्या सेशनमध्ये आपणहून नेत नाही. त्या घडीला त्याच्यासमोर जेवढा मजकूर असतो तेवढंच त्याला ठाऊक असतं. त्यामुळे 'कायमची मेमरी' म्हणजे योग्य वेळी त्याच्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या काही फाइली, एवढाच तिचा अर्थ.

हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा क्रमामुळे. लोक आधी मेमरीचं साधन बसवतात, मग त्यात सापडेल ते ओततात आणि असिस्टंटने ते वाचलं की नाही हे शेवटपर्यंत तपासत नाहीत. महिनाभराने फाइल फुगलेली असते, चुका होत्या तशाच असतात आणि 'हा ऐकतच नाही' असा निष्कर्ष निघतो. खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी चुका, मग चाळणी, मग जागा. साधन अगदी शेवटी.

एक खुलासा. फाइली, फोल्डर, कमांड आणि सेटिंग यांची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच द्यायची. असिस्टंटसाठीच्या सूचना ज्यांत लिहितात त्या एजंट्स.एमडी, क्लॉड.एमडी आणि जेमिनी.एमडी या तिन्हींत बिंदूच्या आधीचा भाग कॅपिटल अक्षरांत असतो.

## १. तयारी: आठवडाभर चुकांची वही ठेवा

मेमरीची फाइल अजून उघडूही नका. रेपोबाहेर (रेपो म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड ठेवलेला फोल्डर) एक साधी टेक्स्ट फाइल करा आणि असिस्टंटला जेव्हा जेव्हा दुरुस्त कराल तेव्हा तिथे एक ओळ टाका. काय काम दिलं होतं, त्याने काय केलं, काय करायला हवं होतं. एवढंच. सुधारणा सुचवू नका, वर्गवारी करू नका.

हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो म्हणून लोक तो गाळतात आणि पुढचं सगळं तिथेच फसतं. असिस्टंटला काय सांगावं लागेल असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात तो कुठे अडखळतो, यात फार अंतर असतं. आपल्याला वाटतं, प्रकल्पाची ओळख द्यावी, फोल्डरची रचना सांगावी, कोणती फ्रेमवर्क वापरली ते लिहावं. हे सगळं तो पॅकेज फाइल आणि फोल्डर चाळून काही क्षणांत शोधतो. अडखळतो तो कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं तिथे: ही लायब्ररी आहे पण आता नव्या कोडमध्ये वापरायची नाही, हा विचित्र दिसणारा 'इफ' एका जुन्या क्लायंटसाठी आहे, काढू नका.

वहीसोबत आणखी दोन ठिकाणी हात घाला. एक, गेल्या काही महिन्यांतल्या पुल रिक्वेस्टवरचे, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला टाकल्यावर त्यावर आलेले, रिव्ह्यू शेरे. तीच तीच वाक्यं तिथे परत परत दिसतील. दुसरं, टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला तोंडी काय सांगितलं जातं ते. तोंडी सांगितलेलं ज्ञान असिस्टंटपर्यंत पोचायला दुसरा मार्गच नाही.

सावधान: क्लॉड कोडमध्ये (अँथ्रॉपिकचा कोडिंग असिस्टंट) '/इनिट' कमांड दिली की तो रेपो वाचून क्लॉड.एमडी स्वतःच तयार करून देतो. सुरुवातीला सोयीचं वाटतं. पण कोड वाचून बनवलेल्या फाइलमध्ये बहुतांश तेच येणार जे कोड वाचून कळतं. आधीच वापरली असेल तर ती कच्चा मसुदा समजा आणि पुढची चाळणी तिलाही लावा.

तपासा: वहीत किमान दहा-बारा खऱ्या दुरुस्त्या आहेत का? नसतील तर आणखी थोडे दिवस थांबा.

## २. चाळणी: प्रत्येक ओळीला तीन प्रश्न

पहिला प्रश्न: हे कोड वाचून कळतं का? कळत असेल तर ओळ गाळा.

दुसरा: हे यंत्राने अडवता येतं का? इंडेंटेशन, इम्पोर्टचा क्रम, न वापरलेले व्हेरिएबल ही फॉर्मॅटर आणि लिंटरची, म्हणजे कोडची मांडणी आणि चुका आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, कामं आहेत. ती नोंदीत लिहिणं म्हणजे पहारेकऱ्याऐवजी दारावर चिठ्ठी लावणं. लिंटर बसवा आणि नोंदीत फक्त 'काम संपल्यावर लिंट चालव' एवढं राहू द्या.

तिसरा: हे पुन्हा होणार आहे का? एखाद्या दिवशी एका फाइलपुरता घातलेला घोळ कायमच्या मेमरीत शोभत नाही.

तिन्ही चाळण्यांतून उरलेलं थोडं असतं. थोडंच असायला हवं. मेमरीतली प्रत्येक ओळ प्रत्येक सेशनमध्ये जागा खाते आणि उरलेल्या ओळींचं वजन कमी करते. शंभर सूचनांच्या गर्दीत महत्त्वाच्या पाच सूचना हरवतात.

सावधान: नोंद म्हणजे सल्ला आहे, कुलूप नाही. 'प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावू नकोस' हे फाइलमध्ये लिहून निर्धास्त होऊ नका. मॉडेल बहुतेक वेळा ऐकेल, पण 'बहुतेक वेळा' इथे चालत नाही. ती कमांड परवानग्यांच्या सेटिंगमध्येच नाकारा, हुक (ठरावीक कृतीआधी आपोआप चालणारी तपासणी) लावा आणि मुळात त्या मशीनवर तो पासवर्डच ठेवू नका.

## ३. जागा: कोणती नोंद कुठे

उरलेल्या नोंदींचे चार ढीग करा: सगळ्या टीमला लागणाऱ्या, फक्त तुमच्या सवयीच्या, रेपोच्या एका कोपऱ्यापुरत्या आणि एखाद्या विशिष्ट कामापुरत्या.

टीमच्या नोंदी रेपोच्या मुळाशी, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, ठेवून गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट करायच्या. एजंट्स.एमडी हे नाव आता बरीच साधनं ओळखतात, कोडेक्स आणि कर्सर त्यात आले. क्लॉड कोड क्लॉड.एमडी वाचतो, जेमिनी सीएलआय जेमिनी.एमडी. गिटहब कोपायलटसाठी '.गिटहब' फोल्डरमध्ये कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स.एमडी अशी फाइल असते.

टीममध्ये दोन-तीन साधनं चालत असतील तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत करू नका. प्रती पंधरा दिवसांतच एकमेकींपासून भरकटतात. सगळं एजंट्स.एमडीत लिहा आणि क्लॉड.एमडीत '@एजंट्स.एमडी' एवढी एकच ओळ ठेवा. ती ओळ दुसरी फाइल आत ओढून घेते. जेमिनी सीएलआयला कोणतं फाइलनाव वाचायचं ते सेटिंगमध्ये सांगता येतं.

वैयक्तिक सवयी, म्हणजे उत्तर थोडक्यात दे, कमिट मी स्वतः करतो वगैरे, होम फोल्डरमधल्या '.क्लॉड' फोल्डरच्या क्लॉड.एमडीत किंवा तुमच्या साधनाच्या तशाच वैयक्तिक जागी. टीमच्या फाइलमध्ये त्या घुसल्या की लोक एकमेकांच्या आवडीनिवडी दुरुस्त करत बसतात.

कोपऱ्यापुरत्या नोंदी त्या कोपऱ्यातच. क्लॉड कोड उपफोल्डरमधली क्लॉड.एमडी सुरुवातीला वाचत नाही. त्या फोल्डरमधल्या फाइली हाताळायला लागला की वाचतो. कर्सरमध्ये '.कर्सर/रूल्स' फोल्डरमधल्या नियमाला 'ग्लोब्स' देऊन आणि कोपायलटमध्ये 'अप्लाय-टू' लिहून हेच साधता येतं. डेटाबेस मायग्रेशनचे नियम बटणाचा रंग बदलताना समोर येण्याचं कारण नाही.

कामापुरत्या गोष्टी, उदाहरणार्थ रिलीज कसं काढायचं याच्या पंधरा पायऱ्या, वेगळ्या दस्तऐवजात ठेवा आणि मुख्य फाइलमध्ये एक ओळ लिहा: 'रिलीज काढण्याआधी डॉक्स/रिलीज.एमडी वाच.'

नेहमीची चूक: फाइल लांबली म्हणून मजकूर दुसऱ्या फाइलींत हलवायचा आणि त्या सगळ्या '@' लावून परत आत ओढायच्या. याने फाइल नीटनेटकी दिसते, पण जागा एका शब्दानेही वाचत नाही, कारण ओढलेल्या फाइली सेशन सुरू होतानाच पूर्ण वाचल्या जातात. जागा वाचवायची असेल तर '@' न लावता साधा पत्ता द्या आणि कधी वाचायचं ते लिहा.

तपासा: मुख्य फाइल २०० ओळींच्या आत आहे का? क्लॉड कोडची स्वतःची शिफारस तीच आहे. कोडेक्समध्ये तर मूळ सेटिंगनुसार अशा सगळ्या फाइली मिळून ३२ केबीची मर्यादा आहे. त्यापुढचं असिस्टंटपर्यंत पोचतच नाही.

## ४. नोंद लिहिणं

इथे घाई करू नका. एकच चूक घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

वहीतली ओळ अशी होती: 'ऑर्डरमध्ये नवं फील्ड टाकायला सांगितलं. त्याने क्लायंट/जनरेटेड फोल्डरमधली फाइल बदलली. टेस्ट पास झाल्या. पुढच्या बिल्डनंतर फील्ड गायब.'

यावरून बहुतेक जण पहिली नोंद लिहितात ती अशी: 'जनरेट झालेल्या कोडबाबत काळजी घ्यावी.' ही नोंद वाचून माणसालाही नेमकं काय करायचं ते कळणार नाही. काळजी म्हणजे काय? कोणता कोड?

दुसरा प्रयत्न: 'क्लायंट/जनरेटेड फोल्डरमधल्या फाइली कधीही बदलू नकोस!!!' आता जागा कळली, पण मार्ग बंद झाला. फील्ड तर टाकायचंच आहे. मग असिस्टंट काय करतो? शेजारी नवी फाइल काढतो, जुना टाइप तिथे वाढवतो आणि तुमच्या हाती एकाऐवजी दोन ऑर्डर येतात. मनाई लिहिली की पर्यायही लिहावा लागतो. उद्गारचिन्हांनी काही साधत नाही; सगळ्याच ओळी ओरडू लागल्या तर कोणतीच ऐकू येत नाही.

तिसरा:

'क्लायंट/जनरेटेड मधल्या फाइली हाताने बदलू नकोस. बदल स्कीमा/ऑर्डर.वायएएमएल मध्ये कर आणि मेक जनरेट चालव. कारण: प्रत्येक बिल्डला हा फोल्डर पुसून स्कीमावरून नव्याने तयार होतो.'

तीन वाक्यं: काय करायचं नाही, त्याऐवजी काय करायचं, का. यातलं 'का' लोक जागा वाचवायला काढून टाकतात आणि नेमकं तेच सर्वांत कामाचं असतं. नोंदीत कुठेही 'टेस्ट फाइल या फोल्डरमध्ये ठेवू नकोस' असं लिहिलेलं नाही. पण फोल्डर पुसला जातो हे माहीत असलेला असिस्टंट तिथे टेस्ट फाइल ठेवणार नाही, कारण तीही पुसली जाईल. लिहिलेल्या कारणामुळे न लिहिलेले प्रसंगही सांभाळले जातात.

आणखी काही नियम:

- कमांड आणि पत्ते जसेच्या तसे लिहा. 'टेस्ट चालव' नको. टर्मिनलमध्ये चिकटवली तर चालेल अशी पूर्ण कमांड हवी. एकच टेस्ट चालवायची कमांड वेगळी असेल तर तीही द्या, नाहीतर तो दर छोट्या बदलाला सगळा संच चालवेल.
- 'सध्या', 'नवीन', 'लवकरच' हे शब्द टाळा. सहा महिन्यांनी 'नवीन लॉगिन' म्हणजे कोणतं?
- दोन नोंदी एकमेकींना छेद देत नाहीत ना ते पाहा. एकीकडे 'प्रत्येक बदलाला टेस्ट लिही' आणि दुसरीकडे 'सांगितल्याशिवाय नवी फाइल करू नकोस' असं असेल तर तो दर वेळी यातलं काहीतरी एक निवडेल.
- भाषा कोणती? टीम ज्या भाषेत रिव्ह्यू करते ती. मॉडेलला मराठीही समजतं, पण तोच मजकूर देवनागरीत सहसा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) घेतो. कोडमधली नावं मात्र कोणत्याही परिस्थितीत भाषांतरित करू नका.

सावधान: पासवर्ड, लॉगिनचे टोकन, एपीआय की, ग्राहकांची माहिती यातलं काहीही या फाइलींत नको. त्या गिटमध्ये जातात आणि दर सेशनला मॉडेलकडे पाठवल्या जातात. की कुठे आहे ते लिहा, की लिहू नका.

## ५. चाचणी: 'वाचलंस का' असं विचारू नका

विचारलं तर तो 'हो' म्हणेल. त्या 'हो'ला काही किंमत नाही.

आधी फाइल पोचली का ते पाहा. क्लॉड कोडमध्ये '/मेमरी' दिल्यावर कोणत्या मेमरी फाइली आहेत ते दिसतं; जेमिनी सीएलआयमध्ये '/मेमरी शो' दिलं की जोडलेला पूर्ण मजकूरच दिसतो. नोंद 'पाळली गेली नाही' अशा कितीतरी तक्रारींत फाइल मुळात वाचलीच गेलेली नसते: नाव चुकलेलं असतं, फोल्डर भलताच असतो किंवा सेशन जुनंच चालू असतं. कोपायलटच्या बाबतीत आणखी एक: व्हीएस कोडमध्ये टाइप करताना पुढे आपोआप दिसणाऱ्या सूचनांना या फाइली लागू होत नाहीत, फक्त चॅट आणि एजंटला होतात.

मग नवं सेशन उघडा आणि ज्या कामात चूक झाली होती तेच काम द्या. नोंदीचा उल्लेख न करता, रोजच्या शब्दांत: 'ऑर्डरला डिलिव्हरी स्लॉटचं फील्ड जोड.' तो थेट स्कीमाकडे गेला तर नोंद लागू पडली. तीनदा करून पाहा, दर वेळी नव्या सेशनमध्ये. एकदा जमलं यावर विसंबू नका, कारण तेच काम दिलं तरी तो दर वेळी त्याच वाटेने जाईल असं नाही.

तीनपैकी एकदा चुकला तर नोंद अधिक जोरात लिहू नका. शब्द संदिग्ध आहेत का, तिला छेद देणारी दुसरी ओळ आहे का, ती चुकीच्या ढिगात आहे का, हे बघा. तरीही जमत नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा आणि ते यंत्राने अडवा. या उदाहरणात, जनरेटेड फोल्डर हाताने बदललेला दिसला की सीआय (दर बदलानंतर आपोआप चालणारी तपासणी) लाल व्हायला हवा.

## ६. निर्णय आणि अर्धवट काम वेगळं ठेवा

नियम वर्षभर टिकतात, चालू कामाची स्थिती दोन दिवस. दोन्ही एका फाइलमध्ये घातली की फाइल सडते.

निर्णयांसाठी 'डॉक्स/निर्णय' असा फोल्डर करा आणि एका निर्णयाला एक छोटी फाइल: प्रश्न काय होता, काय ठरलं, कोणते पर्याय का नाकारले. नाकारलेले पर्याय हा यातला महत्त्वाचा भाग. ते लिहिलेले नसतील तर असिस्टंट चार महिन्यांनी तोच नाकारलेला उपाय मोठ्या आत्मविश्वासाने सुचवेल आणि टीममध्ये कोणाला तरी तो पटेलही. निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडू नका. तिच्या माथ्यावर कोणत्या नव्या निर्णयाने ती रद्द झाली ते लिहा.

अर्धवट कामासाठी सेशन संपवताना असिस्टंटकडूनच एक हस्तांतर-टिपण लिहून घ्या: काय झालं, काय राहिलं, काय करून पाहिलं आणि चाललं नाही, पुढची पहिली कृती कोणती. हे टिपण गिटमध्ये नको. काम मर्ज झालं की पुसा.

लांब सेशनमध्ये संभाषण आवरून छोटं केलं जातं तेव्हा मधेच तोंडी दिलेल्या सूचना गळू शकतात. क्लॉड कोडमध्ये मुळाशी असलेली क्लॉड.एमडी अशा वेळी डिस्कवरून पुन्हा वाचली जाते. म्हणून दुपारी बोलता बोलता सांगितलेला महत्त्वाचा नियम तेव्हाच्या तेव्हा फाइलमध्ये उतरवा.

## ७. आपोआप मेमरी आणि एमसीपी: आता, आधी नाही

काही साधनं कामाच्या ओघात स्वतःच नोंदी ठेवतात. एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, हा असिस्टंटला बाहेरची साधनं जोडण्याचा मार्ग नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुला केला. त्याच्या नमुना सर्व्हरमध्ये एक मेमरीचाही आहे. तो वस्तू, त्यांचे संबंध आणि त्यांच्याबद्दलची निरीक्षणं जाळ्याच्या रूपात साठवतो.

अनेक रेपो, शेकडो निर्णय, शोधल्याशिवाय सापडणार नाही इतका पसारा असेल तर अशा साधनाचा उपयोग आहे. एका रेपोच्या टीमला माझ्या मते साध्या फाइली पुरतात. फाइल डोळ्यांना दिसते, डिफमध्ये दिसते, रिव्ह्यू होते. साधनाने आत काय साठवलं हे कोणी उघडून पाहत नाही.

आपोआप नोंदींचा खरा धोका चुकीच्या अनुमानाचा आहे. एका संध्याकाळी नेटवर्क बंद होतं म्हणून टेस्ट फेल झाल्या. असिस्टंटने नोंद केली की 'पेमेंटच्या टेस्ट भरवशाच्या नाहीत, वगळाव्यात.' पुढच्या सेशनला ती नोंद खरी धरूनच तो सुरुवात करतो. म्हणून आठवड्यातून एकदा आपोआप नोंदी उघडून वाचा. खऱ्या असतील त्या टीमच्या फाइलमध्ये स्वतःच्या शब्दांत हलवा, बाकीच्या पुसा. क्लॉड कोडच्या आपोआप नोंदी त्या त्या मशीनवरच राहतात, टीमला मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

सावधान: वेबपेज, इश्यू किंवा बाहेरच्या दस्तऐवजातला मजकूर वाचून असिस्टंटला थेट मेमरीत लिहू देऊ नका. तिथे कोणी सूचना पेरून ठेवली असेल तर ती कायमची तुमच्या प्रकल्पात राहायला येते. त्याच कारणासाठी नियमांच्या फाइलींतला बदल पुल रिक्वेस्टमध्ये कोडइतकाच बारकाईने वाचा. न दिसणारी युनिकोड अक्षरं घालून त्यांत सूचना लपवता येतात.

## ८. निगा: जुनी नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट

आमच्या एका प्रकल्पात ईमेल पाठवण्याचा कोड एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवला. नोंदीत जुना पत्ता राहिला. असिस्टंटला नवा ईमेल जोडायला सांगितल्यावर त्याने जुन्या पत्त्यावर फोल्डर नव्याने तयार केला आणि आत पाठवण्याचं अख्खं दुसरं तंत्र उभं केलं. कोड चालत होता, टेस्ट होत्या, रिव्ह्यूमध्ये निसटला. नोंदच नसती तर त्याने शोध घेतला असता आणि खरी जागा सापडली असती.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. पहिली: कोड ज्या पुल रिक्वेस्टमध्ये हलतो त्याच पुल रिक्वेस्टमध्ये नोंद बदलायची, मागाहून नाही. दुसरी: नोंदींत उल्लेखलेले सगळे पत्ते अजून अस्तित्वात आहेत का, हे पाहणारी छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये. वीसेक ओळींचं काम आहे.

महिन्यातून एकदा फाइल वरून खाली वाचा. एखादी ओळ अजून लागते की नाही अशी शंका आली तर ती वेगळ्या ब्रँचवर काढून टाका आणि पाचव्या टप्प्यातली चाचणी घ्या. तिच्याशिवायही तीनदा बरोबर झालं तर ओळ काढूनच टाका आणि कमिटच्या संदेशात कारण लिहा. तीच चूक पुढे कधी परत आली तर गिटच्या इतिहासात जुनी नोंद शब्दांसकट सापडेल.